घरोघरची सागू

झाराची सागू रडते आणि आमची सागू हसते, यावरून पार्किंगमध्ये भांडण पेटलं होतं.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली माझी निहिरा आणि तळमजल्यावरची झारा समोरासमोर, कमरेवर हात ठेवून. दोघी सहा वर्षांच्या, एकाच वर्गातल्या. एरवी एकीला शिंक आली तर दुसरी रुमाल काढणार, अशी दोस्ती.

"सागू असं म्हणते," झारानं डोळे मिटले, आवाज कापरा केला, "जा... मागं बघू नकोस... पाणी तुला ओळखतं."

"ई! तिला काय ताप आलाय का?" निहिरा म्हणाली. "ती असं म्हणते." आणि सहलीला निघालेल्या बाईंसारखं टुणटुणीत, "जा! मागं बघू नकोस! पाणी तुला ओळखतं!"

"खोटारडी!"

"तूच खोटारडी! तू सिनेमा बघितलाच नाहीस!"

हा आरोप फार मोठा होता. 'सागूची परतभेट' न बघितलेलं मूल त्या महिन्यात कोल्हापुरात शोधून सापडलं नसतं. झारा रडत घरात गेली. निहिरा प्रत्येक पायरीला लाथ मारत वर आली आणि दप्तरातून झारानं दिलेला खोडरबर काढून गॅलरीतून खाली टाकला.

मी हातात ओला टॉवेल धरून तशीच उभी. कारण सागूचा आवाज माझा आहे. आणि ते वाक्य मी झारासारखंही म्हटलेलं नव्हतं आणि निहिरासारखंही.

सागू ही सिनेमातली कासवीण. खरी समुद्री कासवीण कोकणच्या वाळूत अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते; पिल्लू कसं दिसतं हे तिला जन्मात कळत नाही. सिनेमातली सागू मात्र परत येते. पिल्लाला शोधते, टिंबू त्याचं नाव. आणि शेवटी तो पाण्याच्या काठाशी पोचतो तेव्हा ती वाळूवर अडकलेली असते, जाळ्यानं तिचा वल्ह्यासारखा पाय कापलेला असतो, माणसं तिला उपचाराला न्यायला आलेली असतात. तेव्हा ती टिंबूला म्हणते, जा, मागं बघू नकोस, पाणी तुला ओळखतं. बस, एवढंच. सगळा सिनेमा या तीन वाक्यांपाशी येऊन थांबतो.

निहिराला मी सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात आपल्या पोराला आधी सांगायचं नसतं. "ही माझी आई बोलतेय" हे कळलं की त्याच्यापुरतं ते पात्र तिथंच मेलं. सिनेमा बघून होऊ दे, मग सांगायचं, अशी माझी रीत. तिनं तो कानावर हेडफोन चढवून बघितला होता, मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मला फक्त पडद्यावर हलणारी कासवीण दिसत होती आणि माझ्या मुलीची पाठ.

*

आमच्या घरात सिनेमा बघून झाला की चहा होतो आणि चहाबरोबर मापं काढली जातात. मापं काढणं हा सासूबाईंचा शब्द. त्यांना मी आत्याबाई म्हणते. कुणाचं काम बरं झालं, कोण नुसतं डोळे मोठे करत होतं, बापाचं काम करणाऱ्यानं दार लावताना हात कसा ठेवला, पोपटाला आवाज देणाऱ्यानं हसू कुठं थांबवलं, याच्यावर आम्ही सासूसुनांनी कधीकधी भाजी करपवली आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा रणधीरनं मला बजावलं होतं, "स्वयंपाक नाही आला तरी चालेल. पण आईसमोर वाईट कामाला चांगलं म्हणू नको." तो स्वतः आता चिपळूणला पुलाच्या कामावर असतो, त्यामुळं मापं काढायला आम्ही दोघीच.

त्या संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्याबाई, सागूचं काम कसं वाटलं ओ?"

"तुझंच हाय म्हणून सांगत न्हाई, पण बाई खमकी वाटली," त्या म्हणाल्या. त्यांनी सिनेमा त्यांच्या फोनवर बघितला होता. "शेवटी कसं ठणकावून सांगती! जा! मागं बघू नकोस! पोराला शाळेत ढकलल्यागत. मला लई आवडलं. खरं सांगू का, तू इतकं ठणकावून बोलशील असं मला वाटलं नव्हतं."

"मी ठणकावून म्हटलेलंच नाही."

"मग मी काय भैरी हाय?"

इतक्या वर्षांत आमचं कशावरही एकमत झालं नव्हतं, पण भांडत होतो ते एकाच कामावर. मी म्हणायचे तो जास्त रडला, त्या म्हणायच्या कमी पडला. रडला होता तेवढाच, हे दोघींना मान्य असायचं. आज पहिल्यांदा आमच्या मधे ठेवायला काही नव्हतंच. त्यांची सागू त्यांच्यापाशी, निहिराची निहिरापाशी, झाराची तळमजल्यावर. आणि माझी कुठं होती?

"ही काय भानगड हाय?" आत्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "एक सिनेमा आणि पंधरा बायका?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त कळून घ्यायचं होतं.

*

झाराचे वडील, जुबेर मुल्ला, आमच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करतात. सागूचं सगळं काम त्यांच्याच काचेपलीकडं झालं होतं. सकाळी निहिराला शाळेत सोडून मी थेट तिथं गेले.

"झारा काल जेवली नाही," ते म्हणाले.

"निहूनं खोडरबर फेकला. मी उचलून आणलाय. जुबेरभाई, मला सांगा, माझ्या सागूचं यांनी काय केलंय?"

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा माझ्या चेहऱ्यावर रोखला. पडद्यावर मी दिसले, डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले. मग त्यांनी कुठलंसं बटण फिरवलं आणि माझे गाल पडद्यावर लाल व्हायला लागले. लाल, फिके, लाल, फिके. दिव्याची वात फडफडावी तसे.

"हे तुमचं रक्त," ते म्हणाले. "प्रत्येक ठोक्याला गालात येतं, परत जातं. रंग इतका थोडा बदलतो की आपल्या डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसतो. घरातल्या प्रत्येक पडद्याला आता हा कॅमेरा आहे. समोर बसलेल्याची नाडी तो नुसती बघून मोजतो. खांदे वरखाली होतात त्यावरून श्वास मोजतो."

"मोजून काय करतो?"

"तुम्ही एकेक वाक्य किती तऱ्हांनी म्हटलं होतं आठवतं? हसून, थकून, चिडून, कुजबुजून. तुम्ही मला म्हणालात, दिग्दर्शकाला नक्की काय हवंय तेच कळत नाहीये."

"मला वाटलं त्यातलं एक निवडतील."

"निवडलं नाही. सगळं यंत्राला शिकवलं. आता सिनेमा सुरू झाला की पहिली दहा-एक मिनिटं ते तुमचा मूळ आवाज ऐकवतं आणि बघणाऱ्याची नाडी बघत राहतं. आवाज कुठं चढला की याला बरं वाटतं, कुठं थांबलं की श्वास संथ होतो. मग तसतसा आवाज वळवत नेतं. पुढची वाक्यं कुणीच म्हटलेली नसतात. तुमच्या मातीची, पण त्या माणसाच्या मापाची. मनस्वर म्हणतात याला."

"आम्हाला सांगितलं होतं, थोडं मीठसाखर करणार."

"आता स्वयंपाकच दुसरा करतात, वहिनी."

गंमत म्हणजे ऐकताना मला आतून फार मजा वाटत होती. जन्मभर मी एकच प्रश्न घेऊन माइकसमोर उभी राहिले आहे: पलीकडच्या पोराला काय होईल? आणि हे यंत्र त्या पोराच्या गालावर उत्तर वाचत होतं. मी म्हटलं, "मला निहूचं दाखवा ना. आई म्हणून मला बघता येतं ना?"

माझ्या फोनवरून परवानगी दिल्यावर आमच्या घरचा आलेख पडद्यावर उघडला. खाली सिनेमाची मिनिटं, वर निहिराची नाडी. मी दोन्ही कोपर टेबलावर ठेवून पुढं वाकले.

सुरुवातीला, माझा आवाज माझ्यासारखाच असताना, रेघ चढत होती. सागू बोलली की वर. सागू गप्प की खाली. परत बोलली की आणखी वर, श्वास उथळ. मग यंत्रानं आवाज बदलायला घेतला होता. मऊ केला, पातळ केला, गोड केला. रेघ उतरत गेली. मध्यावर ती सपाट झाली होती आणि सागूच्या आवाजात माझं काही उरलं नव्हतं. बाजूला यंत्राचा शेरा होता: ताण. कारण, आईसदृश स्वर. टाळावा.

"म्हणजे निहूला माझा आवाज सोसत नाही?"

जुबेरभाईंनी एक हेडफोन उचलला आणि त्याची गादी पुसायला लागले. ती स्वच्छच होती.

*

दोन दिवसांनी शाळेच्या समुपदेशक देवस्थळी मॅडमचा फोन आला. शाळेच्या डिजिटल पाट्यांमध्येही मनस्वर आहे. धडे वाचून दाखवतो तोच. घरचा आणि शाळेचा शेरा एकत्र होतो, हे मला माहीत नव्हतं.

"काळजीचं काही नाही हं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गुळगुळीत होता की मला वाटलं, हाही कुणी माझ्या मापानं वळवलाय की काय. "बऱ्याच मुलांमध्ये दिसतं हे. आई दिवसभर सूचना देते ना. चल, ऊठ, जेव, आवर. आपण निहिरासाठी तसा स्वर कायमचा वगळून टाकू. चौथीपर्यंत. घरातल्या उपकरणांतूनही जाईल तो. तुमचा होकार सोमवारपर्यंत हवाय."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही का म्हणाल? मूल शांत राहतंय." मग पुढं, "आणि तुम्हीसुद्धा घरात बोलताना जरा सौम्य राहिलात तर बरं. शक्य तेवढं कमी."

मी फोन ठेवला. मी आवाजाचं खाते. माकड, म्हातारी, राजपुत्र, ढग, सगळ्यांसाठी माझ्या गळ्यात जागा आहे. आणि माझ्या स्वतःच्या लेकीच्या गालातलं रक्त मी बोलले की पळायला लागतं.

मी कमी बोलायला लागले.

सुरुवातीला मऊ बोलत होते. मग तेही नको वाटलं, कारण प्रत्येक वाक्याला माझी नजर तिच्या गालांकडं जायची. मग मी भिंतीवरच्या स्पीकरला निरोप टाइप करायला लागले. "निहिरा, आंघोळीला चल," तो त्याच्या गोडुल्या आवाजात म्हणायचा आणि निहिरा शहाण्यासारखी जायची. वेणी घालताना मी नुसती वेणी घालायचे. पूर्वी त्या वेणीत एक गोष्ट संपायची.

शुक्रवारी ती शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आई, तू माझ्याशी कट्टी आहेस का?"

मी मान हलवली. नाही.

"मग रागावलीस? मी खोडरबर फेकला म्हणून?"

मी परत मान हलवली.

"मग तोंडात काय आहे तुझ्या? आ कर."

मी आ केला. तिनं नीट आत बघितलं, उजवीकडून, डावीकडून. काही सापडलं नाही तेव्हा ती उठून आत्याबाईंकडं गेली, आणि मला ऐकू यावं अशा आवाजात म्हणाली, "आज्जी, आईचा आवाज संपलाय."

आत्याबाई मोदकाची उकड मळता मळता तशाच, भरल्या हातानं बाहेर आल्या. "काय गं ए? आमच्या घरात बाई गप्प बसली तर एकतर भांडण तरी झालेलं असतंय न्हाईतर कोण तरी गेलेलं असतंय. तुझं काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. आलेख, शेरा, देवस्थळी मॅडम, सोमवार. सांगताना रडू आलं आणि आवाज चढला, तशी मी घाबरून निहिराकडं बघितलं. ती दारात उभी राहून उकड खात होती.

"यंत्रानं तुला नापास केलं म्हण की," आत्याबाई म्हणाल्या. "बरं. पण कशात?"

हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

*

शनिवारी मी प्रयोग मांडला. पडद्यावर पालकांसाठी एक पान असतं, त्यावर नाडीची रेघ चालू ठेवता येते. निहिराला चित्र काढायला समोर बसवलं आणि मी तिच्या मागं सोफ्यावर.

आधी माझ्या साध्या आवाजात वर्तमानपत्र वाचलं. पंचगंगेवरच्या नव्या बंधाऱ्याची बातमी. रेघ सपाट. निहिरानं एक घर काढलं.

मग साध्या आवाजात सूचना दिल्या. पाय खाली घे. खडू तोंडात घालू नको. रेघ सपाटच! मला इतका आनंद झाला की मी आणखी चार सूचना उगाच दिल्या.

मग तोच बंधारा मी सागूच्या आवाजात वाचला. रेघ टुणकन वर गेली. निहिरानं वळून संशयानं माझ्याकडं बघितलं.

"दूध आहे का?"

"काय?"

"तू असं बोललीस की दूध येतं. मी नाही पिणार. मी सकाळी प्यायलेय."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. नवं पात्र मिळालं की मी ते घरात घोळवते, ही माझी कामाची पद्धत. महिनाभर दिवसभराची बोलणी त्याच आवाजात बोलायची, म्हणजे आवाज अंगात मुरतो. सागू मुरवताना निहूला पाजायचं दूध मी त्याच आवाजात पाजलं होतं. साय असलेलं. सिनेमात कासवीण तोंड उघडायची आणि माझ्या लेकीच्या जिभेवर साय यायची.

"म्हणजे तिला तुझी भीती न्हाई, सायीची हाय," आत्याबाई हसून हसून सोफ्यावर कलंडल्या. "कळव त्या मॅडमला!"

मीही हसले. पण कळवलं नाही. कारण पूर्ण जुळत नव्हतं. आजची रेघ चढली होती ती टेकाडाएवढी, आणि जुबेरभाईंनी दाखवलेली होती ती डोंगराएवढी. आणि त्या डोंगरात तिनं एकदाही हेडफोन काढला नव्हता. दुधाला कंटाळलेलं मूल उठून जातं. ती उठली नव्हती. यंत्राला नाडी किती पळते हे कळत होतं, कुठं पळते हे नाही. भ्यायल्यावर हृदय धावतं, आईस्क्रीमची गाडी दिसल्यावर धावतं, लपाछपीत कुणी जवळ आलं की धावतं. गालाचा रंग तिन्ही वेळेला एकच.

मी जुबेरभाईंना फोन लावला. सगळे तुकडे झाल्यावर शेवटच्या दिवशी दिग्दर्शकानं माझ्याकडून सिनेमा एकदा सलग म्हणून घेतला होता, दिवे मालवून. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत, एकदाच. ती मूळ पट्टी कुणी वापरली नव्हती.

"आहे का अजून ती?"

"आहे. पण वहिनी, ती तयार नाही. तुमचा श्वास ऐकू येतो. एके ठिकाणी तुम्ही आवंढा गिळलाय."

"तीच हवी. उद्या दुपारी घेऊन या. झारालाही आणा."

*

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या बैठकीत सतरंजी अंथरली. झारा बापाच्या मागं लपून आली. निहिरानं तिच्याकडं बघितलं नाही, पण सतरंजीवर शेजारी जागा ठेवली होती. खोडरबर मी झाराच्या हातात दिला, तिनं तो निहिराच्या हातात दिला, निहिरानं खिशात घातला. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

जुबेरभाईंनी पट्टी जोडली. हेडफोन नाहीत. सगळ्यांना एकच स्पीकर. मी पालकांचं पान उघडलं, नाडीची रेघ खाली कोपऱ्यात आली.

"ते कशाला?" आत्याबाई म्हणाल्या.

"कळायला नको का?"

"पोरगी समोर बसलीय. तिला विचार की." त्या उठल्या, कपाळावरची टिकली काढली, पडद्याच्या कडेला जो बारीक कॅमेरा होता त्यावर ती दाबून चिकटवली, आणि येऊन परत बसल्या. रेघ थरथरली आणि नाहीशी झाली. जुबेरभाईंनी तोंड फिरवून हसू लपवलं.

सिनेमा सुरू झाला. मी पडद्याकडं बघतच नव्हते. मी निहिराची पाठ बघत होते.

सागू बोलली. माझा आवाज घरभर झाला, त्या अंधाऱ्या खोलीतला, श्वासासकट. निहिराची पाठ ताठ झाली. तिनं दूध विचारलं नाही. झारा कुजबुजली, "ही कुठली सागू?" निहिरा म्हणाली, "माहीत नाही. थांब." आणि मग दोघीही थांबल्या. वादळाच्या वेळी झारानं निहिराचा फ्रॉक मुठीत धरला. जाळं आलं तेव्हा निहिरा गुडघ्यांवर उभी राहिली आणि ओरडली, "खाली जा! अगं, खाली जा ना!" तिचा श्वास मला सोफ्यावरून ऐकू येत होता. भराभर. उथळ. अगदी त्या आलेखातल्यासारखा.

मला राहवलं नाही. मी चित्र थांबवलं.

"पाणी हवंय का कुणाला?" मी म्हणाले.

"नको! लाव!" दोघी एका सुरात.

"एक मिनिट. निहू, इकडं ये. तुला ही सागू नको असेल तर आपण तुझी लावू. ती छान हसते ती. तुला तिचा त्रास होत नाही."

निहिरानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं मी काहीतरी फारच बावळट बोलले.

"ती सागू बोलली की मला आधीच कळतं," ती म्हणाली. "काहीच होणार नाही. सगळं छान होणार. हिचं मला काही कळतच नाही! हिचं काय होईल मला माहीतच नाही!" तिनं छातीवर हात आपटला. "लाव ना, आई!"

"माझी तर नुसती रडते," झारा म्हणाली. "म्हणून मी रडते. ही रडत नाही. ही..." तिला शब्द सापडेना. तिनं ओठ घट्ट मिटून दाखवले. "हे असं."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मापं काढताना एखादं काम मनापासून पटलं की त्या काही बोलत नाहीत, फक्त पदर सावरतात. त्यांनी पदर सावरला.

देवस्थळी मॅडमना उद्या काय सांगायचं, ते मला तिथंच, सतरंजीच्या कडेला उभ्या उभ्या कळलं. नाही म्हणायचं. का, ते विचारलं तर निहिरालाच पुढं करायचं. तिच्याइतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

मी सिनेमा पुढं सुरू केला आणि या वेळी खाली सतरंजीवरच बसले. निहिरा न बघता मागं सरकली आणि माझ्या मांडीत येऊन बसली. तिची पाठ माझ्या पोटाला टेकली होती. तिचं हृदय धडधडत होतं आणि ते कुठल्याही कॅमेऱ्याशिवाय मला कळत होतं. माझंही तसंच धडधडत होतं, तिला कळत असेल तर असेल.

पडद्यावर वाळू, माणसांचे पाय, पाण्याची रेघ. टिंबू काठाशी पोचला. सागूनं मान उचलली. त्या दिवशी अंधारात हे वाक्य म्हणायच्या आधी मला निहिरा आठवली होती, बालवाडीच्या दाराशी पहिल्या दिवशी उभी असलेली. मी दोन पावलं मागं आले होते आणि ती वळेल म्हणून थांबले होते, आणि वळू नये म्हणून सुद्धा. तोच आवंढा. स्पीकरमधून तो स्वच्छ ऐकू आला.

"जा," सागू म्हणाली.

स्वतःचं वाक्य कानावर पडलं की ओठ आपोआप हलतात, ही आम्हा लोकांची खोड. माझेही हलले. पडद्यावरच्या आवाजाच्या मागोमाग माझाही बारीक आवाज निघाला, "मागं बघू नकोस..."

निहिरानं मान वळवली नाही. पडद्यावरची नजर न हलवता तिनं हात मागं आणला, चाचपडत माझं तोंड शोधलं आणि तळवा घट्ट दाबून धरला.

"शू! आई, मधे बोलू नको ना," ती कुजबुजली. "सागू बोलतेय."